अकरा नावांची निळी फाईल

१

क्लबाच्या हॉलमधल्या कपाटाचं दार उघडलं आणि ऑपरेटरबाई बघतच राहिल्या. दुसऱ्या खणात, जुन्या चष्म्यांच्या अर्जांचा गठ्ठा आणि चाकाच्या खुर्च्यांचं रजिस्टर यांच्या मध्ये निळी फाईल असायची. पंधरा वर्षं तिची जागा तीच. आज गठ्ठा आणि रजिस्टर एकमेकांना खेटून उभे होते.

"नीट बघा वहिनी, खाली सरकली असेल," किल्ली हातात घेऊन मागे उभे असलेले घड्याळजी म्हणाले. त्यांचं घड्याळांचं दुकान, आणि हॉलची देखभालही त्यांच्याकडेच.

बाईंनी खालचा खण उपसला, वरचा उपसला. रक्तदाबाची यंत्रं, कुबड्यांची रबरं, पाहुण्यांना पाठवलेल्या आभारपत्रांच्या प्रती, सगळं जमिनीवर आलं. फाईल नव्हती. कुलूप मात्र शाबूत होतं. घड्याळजींनी ते आत्ताच बाईंच्या देखत उघडलं होतं.

भिंतीवर पावणेअकरा वाजले होते.

बाईंची एकुलती एक मुलगी काल संध्याकाळी बाळंत झाली. नात गुटगुटीत, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. पण पहाटेपासून मुलीचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी तात्पुरता बंदोबस्त केला आणि स्पष्ट सांगितलं, "पाचच्या आत ऑपरेशन करायलाच हवं. पण दोन पिशव्या रक्त हाताशी आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही." रक्त मागवलं तेव्हा खरा घोळ कळला. साध्या तपासणीत गट 'ओ' दिसत होता, पण ओ गटाची एकही पिशवी जुळेना. लाखात एखाद्याचा असतो तसला तो गट. बाईंचं रक्त जुळलं नाही, जावयाचं नाही.

"आमच्या क्लबात यादी आहे!" बाई त्याही स्थितीत जवळजवळ ओरडल्या होत्या. "याच गटाचे अकरा दाते आहेत आमच्याकडे!"

ती यादी त्यांच्याच नवऱ्याने केलेली. गुरुवार सेवा क्लबाचे ते चिटणीस होते. चार वर्षांपूर्वी गेले. नावं गुप्त ठेवायचा शब्द दात्यांना दिलेला, म्हणून यादीची प्रत एकच. ती त्या निळ्या फाईलीत.

"किल्ल्या किती आहेत हो या कपाटाच्या?" बाईंनी विचारलं.

"तीन. माझ्याकडे एक, अध्यक्षांकडे एक, मेट्रनबाईंकडे एक."

म्हणजे चोर बाहेरून आलेला नव्हता.

२

बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. माणूस काय बोलतो यापेक्षा बोलताना कुठे अडखळतो, हे त्यांच्या कानाला आधी कळायचं. निवृत्तीनंतर क्लबाचं पाहुण्यांचं खातं त्यांच्याकडे आलं. दर गुरुवारी दुपारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमत, जेवत, पाहुण्यांचं भाषण ऐकत आणि मग पुढच्या आठवड्याची कामं वाटून घेत. बाईंनी मधमाश्या पाळणारा आणला होता, खाणीत उमर घालवलेला सुरुंगवाला आणला होता, बहिऱ्या मुलांना नाच शिकवणारी बाई आणली होती. आणि गेल्या गुरुवारी मोठ्या शहरातल्या रक्तकेंद्राच्या डॉक्टर.

"गुरुवारी फाईल होती," बाई म्हणाल्या. "अध्यक्षांनी ती सगळ्यांसमोर उंच धरली होती. भाषण चालू असताना तुम्ही कुठे होतात, घड्याळजी?"

घड्याळजी गडबडले. "मी? इथेच."

"नव्हतात. पडदे ओढायला तुम्हाला हाक मारली, तुम्ही आला नाहीत. शेवटी मीच ओढले."

"वहिनी, आता या वयात काय लपवायचं." घड्याळजींनी मान खाली घातली. "त्या बाईंनी भिंतीवर रक्ताची चित्रं लावली ना, एवढाले लाल लाल गोळे. मला भोवळ येते. मागच्या अंगणात बादलीवर बसलो होतो. इतकी वर्षं रक्तदानाच्या शिबिरांना खुर्च्या मांडतो, पण सुई दिसली की पळतो. तुमच्या ह्यांना माहीत होतं. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही."

अडखळणं होतं, पण ते लाजेचं होतं. बाईंनी पुढे विचारलं, "सभा संपल्यावर हॉलला कुलूप कुणी लावलं?"

"अध्यक्ष म्हणाले, मी लावतो. मला लौकर सोडलं त्यांनी."

"एरवी सोडतात?"

"छे! एरवी शेवटचा कप धुऊन होईपर्यंत थांबवतात."

३

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. बाई आत शिरल्या तेव्हा खुर्चीत एक धिप्पाड गृहस्थ आ वासून पडले होते. अध्यक्षांनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला आणि बाईंना खिडकीशी नेलं.

"फाईल गेली? काय सांगता काय!" ते पांढरेफटक पडले. पण त्यांचा पुढचा प्रश्न मुलीबद्दल नव्हता. "हे कुणाला बोललात नाही ना?"

बाईंच्या डोक्यात तिडीक उठली. "माझी पोर तिकडे मरणाच्या दारात आहे आणि तुम्हाला क्लबाच्या नावाची पडलीय? त्या पाहुण्या डॉक्टरांनी यादी मागितली. म्हणाल्या, सगळ्या केंद्रांच्या मोठ्या यादीत घालते, एकेका दात्याशी बोलून खात्री करते. तेव्हा तुम्ही घाम का पुसलात? 'पुढच्या गुरुवारी देतो' का म्हणालात?"

खुर्चीतल्या गृहस्थांनी कापसासकट मान वळवली.

"हळू बोला हो," अध्यक्ष कुजबुजले. "खरं सांगू? ती फाईल मी आजवर उघडूनही बघितलेली नाही. सात वर्षं भाषणांत मिरवतोय, अकरा दाते, अकरा दाते. त्यांतला एकही मला माहीत नाही. पाहुण्यांनी दोन प्रश्न विचारले असते तर माझी फजिती झाली असती. म्हणून वेळ मारून नेली. आणि दात्यांची परवानगी घ्यायला फाईल मेट्रनबाईंच्या हवाली करून मी निघालो. आरोग्याचं खातं त्यांचंच ना."

"कुलूप तुम्ही लावणार होतात."

"त्याच म्हणाल्या, तुम्ही जा, मी लावते. नंतर चारच्या सुमाराला क्लबात फोन केला होता मी, काय झालं विचारायला. तासभर एंगेज."

"मोबाईलवर का नाही केलात?"

"केला. उचलला नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, फाईल कपाटात ठेवली, सावकाश बघू."

बाई जिना उतरल्या त्या धावतच. मेट्रन त्यांची जिवाभावाची मैत्रीण. या क्षणी ती त्यांच्याच मुलीच्या उशाशी बसली होती. फाईल तिने कपाटात ठेवली असेल तर नंतर ती नेली कुणी? अध्यक्ष खोटं बोलत नसतील कशावरून?

आणि क्लबाच्या त्या जुन्या फोनवर तासभर कोण कुणाशी बोलत होतं?

४

हॉलमधला फोन कोपऱ्यात, धूळ खात असायचा. खिशाखिशात मोबाईल आल्यापासून त्याला कुणी हात लावत नसे. घड्याळजींनी शपथेवर सांगितलं, गुरुवारनंतर हॉल आजच उघडला.

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि शेवटचा नंबर पुन्हा फिरवायचं बटण दाबलं.

पी, पी, पी, पी, पी. मग शांतता. मग यंत्रातली बाई म्हणाली, "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

बाईंनी पुन्हा दाबलं. या वेळी बोटांवर मोजलं. पाच. पाचच आकडे.

गावात पाच आकडी नंबर उरलेलेच नव्हते. नऊ वर्षांपूर्वी सगळ्या नंबरांच्या पुढे बावीस लागले आणि ते सात आकडी झाले. त्या बदलाच्या वेळी तीन महिने बाई एक्स्चेंजमध्ये लोकांच्या शिव्या खात होत्या. म्हणजे गुरुवारी कुणीतरी इथे बसून पंधरा वर्षांपूर्वीच्या यादीतले नंबर फिरवत होतं, जसेच्या तसे, बावीस न लावता.

बाईंनी डोळे मिटले. घड्याळजींच्या दुकानाची पाटी बावीस लागल्यावर नव्याने रंगवली, तो रंग ह्यांनीच आणून दिला होता. अध्यक्षांनी तर दवाखान्याची छापलेली कार्डं फुकट गेली म्हणून एक्स्चेंजला तक्रार केली होती. या दोघांपैकी कुणी पाच आकडी नंबर फिरवला नसता. फिरवला असताच तर चूक लगेच लक्षात आली असती.

नऊ वर्षांपूर्वी या गावात नसलेलं माणूस तिघांत एकच होतं. मेट्रन. निवृत्त होऊन ती इथे आली त्याला सहा वर्षं झाली होती.

बाईंचं मन मानायला तयार होईना. सकाळी मुलीचे पाय चोळत बसलेली मेट्रन त्यांना आठवत होती. असं माणूस हातातली यादी लपवून ठेवेल?

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "आई, लवकर या. ती धड उत्तर देत नाहीये."

५

दवाखान्याच्या बोळात डॉक्टरीणबाई भेटल्या. दुपारचे दीड वाजले होते.

"जागी आहे, पण ग्लानी वाढतेय. माझ्या हातात फार वेळ नाही. यादीचं काय?"

"मिळेल," बाई म्हणाल्या. "मिळेलच."

"तरी मेट्रनबाईंचं ऐकलं ते बरं झालं. सकाळी दहालाच त्या म्हणाल्या, यादी धरून चालू नका, मोठ्या केंद्राला कळवा. कळवलं. पण त्यांच्याकडे एकच पिशवी आहे, आणि ती पोचायला उद्याची सकाळ होईल."

दहाला. कपाट उघडलं पावणेअकराला.

बाईंनी खोलीच्या दारातून आत बघितलं. मुलीचा चेहरा उशीच्या अभ्र्याइतका पांढरा होता. मेट्रन तिची नाडी धरून बसली होती. बाईंनी नुसती मान हलवून तिला बाहेर बोलावलं.

"फाईल दे," बाई म्हणाल्या.

"कसली फाईल?"

"ती नाही हे मला पावणेअकराला कळलं. तुला दहालाच माहीत होतं. गुरुवारी तासभर बसून तू पाच आकडी नंबर फिरवलेस. अगं, माझी एकच मुलगी आहे. दे ती फाईल!"

मेट्रनने वाद घातला नाही. बाकावरची आपली पिशवी उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेली निळी फाईल काढली. गुरुवारपासून ती बरोबर घेऊन हिंडत होती.

"घे. पण तिचा काही उपयोग नाही गं." ती म्हणाली. "अकराच्या अकरा नंबर लावले. अस्तित्वात नाही, अस्तित्वात नाही, अकरा वेळा तेच. दुसऱ्या दिवशी एका पत्त्यावर जाऊन आले. तिथे ते घरच नाही, कधी नव्हतं. ही माणसंच नाहीत. तुझ्या नवऱ्याने ती कागदावर जन्माला घातली. त्या पाहुण्या बाईंनी हे चारचौघांत बाहेर काढलं असतं. ज्या माणसाच्या आठवणीवर तू जगतेस त्याला सगळं गाव खोटारडा म्हणालं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून फाईल काढून घेतली."

"आणि आज? आज सकाळी तरी सांगायचंस!"

"काय सांगणार होते? तुझी मुलगी वाचवणारी यादी खोटी आहे, आणि ती तिच्या बापाने केलीय? डॉक्टरांना सावध केलं. तुझ्याकडे बघून तोंडच उघडेना माझं."

चार वर्षांत पहिल्यांदा बाईंना नवऱ्याचा राग आला, आणि तो असा आला की हात उचलावासा वाटावा, पण समोर कुणी नव्हतं.

६

तरी काहीतरी जुळत नव्हतं.

"दोनदा असं रक्त लागलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "एकदा बांधकामावरून पडलेल्या माणसाला, एकदा शाळेतल्या बाईंना. दोन्ही वेळा ह्यांनी फोन केला आणि दाता येऊन उभा राहिला. यादी सगळीच खोटी असेल तर ते कोण होते?"

मेट्रनने बाकावरची पिशवी बाजूला सारून जागा केली.

बाईंनी बाकावर फाईल उघडली. ह्यांनी टाइप केलेले अकरा पत्ते, अकरा नंबर. पहिली तीन नावं ओळीने, ठळक. त्यानंतरच्या आठांची शाई जरा फिकी, मागाहून टाइप केल्यासारखी. यादीच्या मागे एक पत्र होतं: ज्या क्लबाकडे या गटाचे दहाहून जास्त दाते असतील, त्याच गावच्या दवाखान्याला रक्त साठवायचं शीतकपाट मिळेल. पत्रावर ह्यांच्या अक्षरात एवढंच, 'तीनच आहेत.'

बाईंना सगळं कळलं. दवाखान्याला शीतकपाट मिळावं म्हणून त्या माणसाने तिनाचे अकरा केले होते. पण मग पहिले तीन?

त्यांचं बोट नंबरांवरून सरकू लागलं, एक्स्चेंजच्या फळीवरून सरकायचं तसं. त्या काळी बाजारातला नंबर दोनाने सुरू व्हायचा, स्टेशनाकडचा चाराने, नदीपलीकडचा सहाने. खालच्या आठही जणांचे पत्ते कुठलेही असोत, नंबर दोनाने सुरू होत होते, कारण ह्यांनी ते घरच्या नंबरावरून रचले होते आणि तो दोनाने सुरू व्हायचा. तीस वर्षांत या माणसाने बायकोच्या नोकरीतलं एक अक्षर मनावर घेतलं असतं तर खोटे नंबर तरी नीट रचले असते.

वरचे तीन मात्र चोख होते. सुतार, स्टेशनाजवळ, चार. चित्रकलेचे मास्तर, बाजारात, दोन. रोपवाटिका, नदीपलीकडे, सहा.

"हे तिघं खरे आहेत," बाई म्हणाल्या. "तू बावीस लावले नाहीस म्हणून लागले नाहीत. तुझ्यासमोर नंबर बदललेच नव्हते, तुला कसं कळणार!"

बोळातल्या फोनवरून त्यांनी पुढे बावीस लावून सुताराचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मास्तरांचा लावला. सुनेने उचलला. "सासरे गेले हो. दोन वर्षं झाली. कोण बोलतंय?" बाईंना पुढे बोलवेना. मेट्रनने फोन घेऊन क्षमा मागितली.

दोन वाजून दहा मिनिटं. खोलीतून जावई बाहेर आला, दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता परत आत गेला.

तिसरा नंबर बाईंनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. बावीस, सहा... घंटा वाजली. सात वेळा, आठ वेळा. बाई ओठ चावत होत्या.

"हॅलो, रोपवाटिका," पलीकडे धापा टाकणारा बाईचा आवाज. "पाणी घालत होते. बोला."

बाई बोलल्या. कसं, ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

"चिटणीसकाकांच्या क्लबातून ना?" ती बाई म्हणाली. "त्यांनी बोलावलं होतं तेव्हा आले होते मी, शाळेतल्या बाईंच्या वेळी. निघते. अर्धा तास लागेल."

"पण दोन पिशव्या लागतात," बाईंचा आवाज फुटला. आणि मग गुरुवारचं भाषण त्यांना आठवलं. पाहुण्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, हा गट सापडला की आधी त्याची सख्खी भावंडं तपासा. "तुम्हाला भाऊ, बहीण?"

"धाकटी आहे, इथेच शेडमध्ये कुंड्या भरतेय. तिचं कधी कुणी तपासलेलं नाही."

"तिला आणा. पाया पडते, तिलाही आणा!"

पावणेतीनला दोघी बहिणी आल्या. नखांत माती, थोरलीच्या साडीचा काठ चिखलाने भरलेला. सुया टोचल्या, नमुने आत गेले. चौघीजणी बोळात उभ्या राहिल्या. भावंड असलं तरी जुळेलच असं नसतं, हे मेट्रनला माहीत होतं. तिने ते बाईंना सांगितलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी रक्त तपासणारा तंत्रज्ञ दार ढकलून आला. "दोघींचं जुळतंय!"

मेट्रन भिंतीला टेकून खालीच बसली आणि हमसून हमसून रडू लागली. बाईंना तिच्यावर अजून राग होता. तरी त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

सव्वाचारला मुलीला आत नेलं. सव्वासहाला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "आहे. अशक्त आहे, पण आहे."

७

पुढच्या गुरुवारी हॉल भरला होता. ठरल्याप्रमाणे रक्तकेंद्राच्या डॉक्टर यादी न्यायला आल्या होत्या. जेवणं उरकल्यावर अध्यक्ष माईककडे निघाले, तोच ऑपरेटरबाई उठल्या.

"आज मी बोलणार आहे."

इतकी वर्षं त्या पाहुण्यांची ओळख करून देऊन खाली बसायच्या. आज कागदही न घेता उभ्या राहिल्या. यादीत अकरा नावं होती, त्यांतली आठ खोटी होती, ती माझ्या नवऱ्याने लिहिली, हे त्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच सांगितलं. का लिहिली तेही सांगितलं. "त्या शीतकपाटातल्या रक्ताने या गावात कितीतरी माणसं वाचली असतील. आणि त्या आठ नावांपायी माझी मुलगी जवळजवळ गेली होती. यातलं कुठलं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा."

मेट्रन पहिल्या रांगेत ताठ बसली होती. फाईल मी लपवली, हे तिला स्वतः उठून सांगायचं होतं. तिने सांगितलं.

मग बाईंनी नवी यादी पाहुण्या डॉक्टरांच्या हातात दिली. सुताराचा पत्ता शोधायला घड्याळजी दोन दिवस हिंडले होते. तो गाव सोडून गेला होता. त्याचं नाव गाळलं तरी कागदावर तीन ओळी होत्या. पहिल्या दोन रोपवाटिकेतल्या बहिणींच्या, नंबर नीट तपासलेले.

"तिसरं नाव?" डॉक्टरांनी विचारलं. "यांच्याशी बोललात?"

"काल बोलले. खाटेवर टेकून बसली होती, मांडीवर बाळ होतं." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "माझी मुलगी आहे. तिच्या नावापुढे मी लिहिलंय बघा. वर्षभराने बोलवावे, येईल."